नव्या संगणकावर हिशेब नेताना

हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, की कोरी वही उघडते. तुमच्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये असतात, तीच न्यायची.

● फाइल ओळखा : मायक्रोसॉफ्ट मनीची ‘.एमएनवाय’, क्विकनची ‘.क्यूडीएफ’. डेस्कटॉपवरचं चिन्ह हा नुसता शॉर्टकट. तो कॉपी करून हाती काहीच लागत नाही.

● ग्नूकॅश वापरत असाल, तर त्यातले जतन केलेले अहवाल आणि सेटिंग वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. तेही घ्या.

● मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९मध्येच थांबली. म्हणून त्यातल्या एकेका खात्याच्या नोंदी ‘क्यूआयएफ’ फाइलमध्येही काढून ठेवा.

● फाइलचा पासवर्ड आठवतोय ना, हे आधीच तपासा.

● नव्या संगणकावर प्रत्येक खात्याची शिल्लक जुन्याशी ताडून पाहा. पैचाही फरक नसेल, तरच जुनी डिस्क पुसा. वर्षानुवर्षं टिपलेला घरखर्च आठवून पुन्हा लिहिता येत नाही.