मूळ नक्षत्राकडची खरखर

शरदातल्या संध्याकाळी सुरतेस आमच्या गच्चीवरून नैऋत्येकडे पाहिले, की वृश्चिकाची नांगी मावळतीला कललेली दिसते. बडोदेकरांनाही तीच दिसेल. ते मूळ नक्षत्र. त्यावर मूल जन्मले की आपल्या घरांतून अजून शांत करतात. पण तेथून थोडे ईशान्येस, धनु राशीच्या कडेला, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे, हे शांत सांगणाऱ्या गुरुजींच्या गावीही नसते!

ते डोळ्यांना मात्र दिसावयाचे नाही. सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांच्या वाटेत धुळीचे पडदे आहेत. प्रकाश त्यांतच विझतो. रेडिओलहरींना ती धूळ अडवीत नाही आणि आपले आषाढातले ढगही नाहीत. अमेरिकेत कार्ल जान्स्की बिनतारी संभाषणातील खरखरीचा माग काढीत होते. एक खरखर रोज ४ मिनिटे लवकर येई. तारेही तसेच उगवतात. तेव्हा ती ताऱ्यांकडची, आणि दिशा धनु राशीची, असे त्यांनी १९३३ साली सांगितले.

पुढची हकीकत आपल्याकडची. नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या उभ्या राहिल्या. त्या तारेच्या जाळीच्या आहेत. लहरीच हातभर लांब. त्या चाळणीतून गळत नाहीत. सुभाशिष रॉय व प्रमेश राव यांनी येथून आकाशगंगेच्या गाभ्यातल्या, सुमारे ४० लक्ष सूर्यांच्या वजनाच्या कृष्णविवराची खूण ५८० मेगाहर्ट्झवर टिपली. ते निरीक्षण २००४ साली प्रसिद्ध झाले. इतक्या लांब लहरी तेथला तप्त वायूचा मेघ गिळून टाकतो. तरी त्या पोहोचल्या. म्हणजे ते विवर मेघाच्या अलीकडे आहे, असा त्यांनी अर्थ लावला. मला हे तर्काचे काम छायाचित्रापेक्षाही गोड वाटते.

पण ऐकावयास शांतता हवी, आणि तिची किंमत कोणीतरी मोजतो. या दुर्बिणीसाठी पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा नारायणगावावरून आखलेला मार्ग २०२४ साली रेल्वेने नाकारला. तेथले शेतकरी-व्यापारी नाराज आहेत. गाडी दारावरून जावी, असे कोणाला वाटणार नाही? तरीही माझे मत दुर्बिणीच्या बाजूचे. रूळ दुसरीकडून नेता येतात. बसवलेल्या ३० थाळ्या उचलून न्यावयाच्या कोठे? आमच्या सुरतेत, यंत्रमागांच्या मोटारींमध्ये?

दरवर्षी २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरते. जाणाऱ्यांनी खिशातला मोबाईल बंद करावा.