कलघटगीचा पाळणा आणि आपलं घर

मंडळात दोन प्रश्न वरचेवर विचारले जातात. पहिला असा की मुलगा-सून पुण्याला किंवा बंगळूरला नवं घर लावतायत, फर्निचर स्वस्तात आणि चांगलं कुठे मिळेल? दुसरा आजी-आजोबांचा. नातवाचं बारसं इथे हुबळीला करायचं ठरलंय, चांगला लाकडी पाळणा कुठे मिळेल? आम्हाला हे दोन्ही प्रश्न एकमेकांना धरून आहेत असं वाटतं, म्हणून दोघांचं उत्तर एकत्रच लिहीत आहोत. सुरुवात पाळण्यापासून, कारण तो आपल्या दाराशी तयार होतो.

हुबळीहून कारवार रस्त्याने निघालं की तीसेक किलोमीटरवर कलघटगी लागते. आपण यल्लापूर-अंकोल्याकडे जाताना तिथे चहाला थांबतो आणि पुढे जातो. इथून पुढे मैदान संपून मलनाडची झाडी सुरू होते आणि यल्लापूर-दांडेलीचं सागाचं रान जवळ येतं. लाकडाला इतकं जवळ असलेल्या गावात लाकडाची कला रुजली यात नवल नाही. कलघटगीचं ‘तोट्टिलु’, म्हणजे रंगीत पाळणा, उत्तर कर्नाटकात इतका नावाजलेला आहे की गावाचं नाव घेतलं की कानडी माणसाला आधी पाळणाच आठवतो. सुतारकाम करणारे बडिगेर आणि रंग-चित्रं करणारे चित्रगार या दोन हातांतून तो तयार होतो. आज हे काम करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

पाळणा सागवानी असतो. खांब आणि गज कातलेले, वर लाखेचे रंग, आणि बाजूंच्या फळ्यांवर चित्रं: रामायण-महाभारतातले प्रसंग, कृष्णाच्या लीला, वेलबुट्टी. ऑर्डर देताना कोणते प्रसंग हवेत ते सांगता येतं. तांबडा, पिवळा, हिरवा आणि काळा हे रंग लांबूनच डोळ्यांत भरतात. सगळं घर फिकट राखाडी करायच्या सध्याच्या फॅशनमध्ये तो कसा दिसेल अशी शंका काहींना येते. आमचं मत विचाराल तर एका साध्या खोलीत अशी एकच भडक वस्तू फार शोभते. अशा चार ठेवल्या तर मात्र जत्रा होते.

आता लाखकाम म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा माल ओळखायची किल्ली तिथेच आहे. लाख हा एका बारीक किड्याने पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर सोडलेला चिकट स्राव. तो गोळा करून, वितळवून, गाळून घेतात आणि त्यात रंग मळून कांड्या करतात. लाकूड कातताना ते गरगर फिरत असतं. त्याला ही कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याची पात धरून ती सगळीकडे सारखी पसरवतात. त्यानेच ती काचेसारखी चमक येते. म्हणजे गजांवर आणि खांबांवर ब्रश चालतच नाही. ही रीत सावंतवाडीत आहे, बंगळूर-म्हैसूर वाटेवरच्या चन्नपट्टणलाही आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत गेलेल्यांना कलघटगीचं काम परकं वाटणार नाही. तिथले चितारी आणि इथले चित्रगार यांच्या नावातलं साम्यही कानाला लगेच जाणवतं. सावंतवाडीची कला मधल्या काळात पार मंदावली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी 1970च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. कलघटगीला असा राजवाडा मिळाला नाही. तिथली कला गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवरच चालते, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे आपण.

खरं लाखकाम ओळखायला तीन गोष्टी बघाव्यात. गजावरून बोट फिरवा: ब्रशचे ओघळ किंवा रेघा लागल्या तर तो ऑइलपेंट आहे. नाक जवळ न्या: टर्पेंटाइनचा वास आला तरी तेच. आणि सांधे बघा. चांगल्या पाळण्यात कूस आणि खाच बसवून जोड दिलेला असतो, खिळे ठोकून नव्हे. ऑइलपेंटचा पाळणा वाईटच असतो असं आमचं म्हणणं नाही, पण त्याला लाखेचा भाव देऊ नये. आणखी एक, पैशापेक्षा महत्त्वाचं. बाळ गज चाटतं, दात येताना चावतंसुद्धा. लाख स्वतः पोटात गेली तरी चालते. औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवर तिचाच मुलामा असतो. प्रश्न तिच्यात मिसळलेल्या रंगाचा. विशेषतः पिवळ्या-नारिंगी रंगात शिसं नाही ना, हे कारागिराला स्पष्ट विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा कमी मागा, म्हणजे डोकं अडकायची भीती राहत नाही. बाळ हातावर उठू लागलं, बसायचा प्रयत्न करू लागलं की पाळणा बंद करायचा, मग तो कितीही सुंदर असो. जुन्या वाड्यात तुळईला कडी असायची, फ्लॅटमध्ये ती नसते. म्हणून स्टँडसकट पाळणा मागा, भाग सुटे होतात का ते विचारा, आणि घराच्या दाराची व लिफ्टची रुंदी आधी मोजा. बारशाच्या आदल्या दिवशी पाळणा जिन्यात अडकला, असं होऊ नये.

आता दराचं. कलघटगीचा चांगला पाळणा स्वस्त नाही, दहा-दहा हजारांच्या भाषेतच बोलावं लागतं. लाकूड किती, चित्रं किती, यावर आकडा वर चढतो. वनखात्याच्या डेपोतलं सागवान महाग झालंय, आणि एकेका पाळण्यामागे अनेक आठवड्यांचं काम असतं. मग ‘परवडणारं’ या शब्दाशी त्याचं काय नातं? हिशेब करून बघा. समजा पाळणा पन्नास हजारांना पडला. आपल्याकडे पाळणा एका बाळाचा नसतोच. आत्याच्या घरून मामाकडे, मामाकडून चुलत बहिणीकडे जातो. तीन पिढ्यांत दहा बाळं त्यात झोपली तर एका बाळामागे पाच हजार. त्याउलट मोठ्या दुकानातलं पाच-सात हजारांचं बेबी कॉट सहा महिन्यांनी बाल्कनीत उभं राहतं आणि वर्षाने भंगारात जातं. दोन-तीन भावंडांनी मिळून पाळणा घेतला तर पहिल्या दिवसाचा भारही हलका होतो. आमच्या माहितीतल्या काही घरांनी हेच केलंय. पाळणा कुणाकडे आहे याची एक वही ठेवली की वाद होत नाहीत.

वेळेचं गणितही आधीच करायला हवं. आज सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात मिळालं असं इथे होत नाही, दोन-तीन महिने हाताशी ठेवा. यावर आजीची हरकत ठरलेली: बाळ यायच्या आधी घरात पाळणा आणू नये. तिचा मान राखायचा असेल तर आगाऊ रक्कम देऊन पाळणा तयार करून घ्या आणि बाळ जन्मेपर्यंत कारागिराकडेच राहू द्या. आगाऊ रकमेमुळे त्यालाही लाकूड घेता येतं. पावती आणि लाकडाचं बिल मात्र मागून घ्या.

आता बाकीच्या घराकडे वळू. पाळण्यात जो नियम दिसतो तोच इथे लावावा असं आम्ही सुचवतो. जी वस्तू हाताळली जाते, दिसते आणि पुढच्या पिढीकडे जाते तिच्यावर पैसे घाला. जी फक्त सामान धरते तिच्यावर वाचवा. कपड्याचं कपाट, मुलांचं अभ्यासाचं टेबल, चपलांचा रॅक ही दुसऱ्या प्रकारातली. गोदरेजने 1923मध्ये लोखंडी कपाटं करायला घेतली आणि पुढे मराठी संसारात ते कपाट कायमचं आलं, ते उगाच नाही. इकियाचं दालन हैदराबादेत 2018ला, नवी मुंबईत 2020ला आणि बंगळूरला 2022ला उघडलं. तिथल्या वस्तू सुबक आहेत, जागा वाचवतात, तरुण जोडप्यांना परवडतात. मात्र भुश्याच्या दाबलेल्या फळीचं फर्निचर दर बदलीला उघडून जोडलं की स्क्रूची भोकं ढिली होतात, आणि धारवाडच्या आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत कडा फुगतात. भाड्याच्या घरात चार-पाच वर्षांसाठी ते ठीक. स्वतःच्या घरात बसवायचं तर गल्लीतल्या सुताराकडून प्लायवूडमध्ये करून घ्या. प्लायवर आयएस 303 आणि आयएस 710 असे शिक्के असतात. 710 म्हणजे पाणी जास्त सोसणारं, ते स्वयंपाकघरासाठी. बाकीच्या खोल्यांना 303 पुरतं. सुतार सगळीकडे 710च लावू म्हणाला तर गरज का आहे ते विचारा.

हाताने केलेल्या वस्तूंसाठी लांब जायची गरज नाही. नवलगुंदचं जमखाना आपल्याच जिल्ह्यातलं: उभ्या मागावर बायकांनी विणलेली सुती सतरंजी, भौमितिक नक्षीची, मोर आणि पटाच्या चौकटी असलेली. हे विणकर आदिलशाहीत विजापूरहून आले असं सांगतात. तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि विणणाऱ्या हातांची संख्या तिथेही घटतच चालली आहे. मोझेइकच्या थंड जमिनीवर जमखाना टाकलं की सोफ्याची गरजच निम्मी होते. दर उचलताना जड वाटला तर लहान आसनं घ्या, नक्षी तीच असते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला लाल मातीची भांडी होतात. तिथे खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. तिकडचे नातेवाईक येताना एखादा माठ किंवा कुंडी आणू शकतात, फक्त गाडीत मांडीवर धरून आणावी लागते. कोप्पळ जिल्ह्यातल्या किन्नाळची लाकडी खेळणी आणि देवतांच्या मूर्ती दसऱ्याच्या मांडणीत शोभतात. खुद्द हुबळीत बेंगेरीला राष्ट्रध्वज तयार करणारा खादी संघ 1957पासून आहे. त्या परिसरात गेलात तर खादीचं जाडं सुती कापड बघून ठेवा, पडद्यांना आणि गाद्यांच्या खोळींना ते रेडिमेड पॉलिएस्टरपेक्षा बरं.

‘डिझाइन’ हा शब्द ऐकून आपण परदेशाकडे बघतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने 1958मध्ये भारत सरकारसाठी जो अहवाल लिहिला, त्यात त्यांनी पाहिलेल्या सगळ्या वस्तूंतली सर्वांत उत्तम म्हणून आपला साधा लोटा निवडला होता. त्या अहवालातूनच पुढे 1961मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. ज्यांच्या खुर्च्या आज जगभर लाखांना विकल्या जातात, त्यांना पाणी ओतायच्या भांड्यात शिकण्यासारखं दिसलं. आपल्या घरी तो लोटा बहुधा माळ्यावर आहे. खाली काढा, चिंचेने घासा.

पाळणा घेतलाच तर तो सांभाळायचा कसा, हेही विचारलं जातं. लाख उष्णतेने मऊ पडते, म्हणून थेट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, फार तर किंचित ओलसर. सॅनिटायझर आणि स्पिरिट अजिबात नको, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चमक जाऊन पांढरे डाग पडतात. बाळाला बघायला येणारे पाहुणे हाताला सॅनिटायझर लावून थेट कठडा धरतात, त्यांना आधी हात वाळवायला सांगा. वापर संपला की भाग सुटे करून जुन्या सुती लुगड्यात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये बांधू नका, पावसाळ्यात आत बुरशी धरते. काही घरांत खालच्या फळीच्या मागे प्रत्येक बाळाचं नाव आणि साल लिहिलेलं असतं. लिहायचं असेल तर पेन्सिलीने लिहा. मार्करच्या शाईतही तेच स्पिरिट असतं.