गेलेली वाळू परत आणायची कशी?

आमच्या भागातली पेढी नदी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. म्हणजे वऱ्हाडातून पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या वाळूचा शेवटचा मुक्काम खरं तर समुद्रकिनारा. पण आज ती तिथवर फारशी पोचत नाही. संगमाच्या खाली हतनूर धरण आहे, पुढे गुजरातेत उकाई. जड वाळू तिथेच बसते. नांदगाव पेठेत राहून मला किनाऱ्यांचं वेड लागलं ते या नदीच्या वाटेनं. वरून वाळू येईनाशी झाली तर खालच्या पुळणीचं काय होतं, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

पुळण कधीच स्थिर नसते. पावसाळ्यातल्या उधाणाच्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. शिवाय तिरप्या येणाऱ्या लाटा ती किनाऱ्याला समांतरही सरकवत असतात. या वाटेत बंदराचा बांध आडवा आला की एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूला किनारा खचतो. चेन्नईचं बंदर झालं तेव्हा दक्षिणेची मरीना रुंदावली आणि उत्तरेचं रोयापुरम खंगलं.

खचलेल्या किनाऱ्यावर बाहेरून वाळू आणून टाकायची पद्धत शंभर वर्षांची आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १९२२-२३ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, नंतर मायामीत. विशाखापट्टणमला बंदराजवळ साचणारी वाळू ड्रेजरने उपसून शहराच्या किनाऱ्याला देतात. नेदरलँड्सने तर २०११ साली द हेगजवळ २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच जागी ओतली आणि पसरवण्याचं काम वारा-लाटांवर सोपवलं.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत जास्त गोडी आहे ती वाळूच्या कणाची. कुठलीही वाळू कुठेही टाकून चालत नाही. रत्नागिरीला गेलात तर मांडवीची काळी वाळू तळहातावर घेऊन भिंगाखाली बघा. काळे चकचकीत कण जड असतात. कागदावर पसरून खालून चुंबक फिरवलं तर त्यातले कितीतरी उभे राहतात, चुंबकामागे धावतात. जवळच्याच पांढऱ्या समुद्राची वाळू फिकी, तिच्यात शिंपल्यांचा चुरा. एकाच गावाचे दोन किनारे, पण वाळूची जात वेगळी. कण जाड असेल तर पुळणीचा उतार उभा राहतो, बारीक असेल तर पसरट होतो. मूळच्या वाळूपेक्षा बारीक वाळू आणून टाकली तर लाटा ती लवकर आत ओढून नेतात; गाळमिश्रित टाकली तर पाणी गढूळ होतं आणि तळाशी राहणारे जीव गुदमरतात. म्हणून जाणकार अभियंते आधी मूळ किनाऱ्याच्या वाळूचे नमुने चाळणीतून चाळतात आणि तिच्याशी जुळणारी वाळू समुद्राच्या तळाशी कुठे सापडते ते शोधतात. खर्चाचं गणित त्यानंतर मांडायचं. हा क्रम उलटा झाला की पैसा पाण्यात.

टाकलेल्या वाळूपैकी बरीच पहिल्याच पावसाळ्यात दिसेनाशी होते आणि लोक ओरडतात, कोट्यवधी वाहून गेले. पण त्यातली पुष्कळ वाळू थोडी आत, पाण्याखाली दांड्यासारखी पसरलेली असते आणि तिथेच लाटेचा जोर मोडते. तरीही दर काही वर्षांनी नवी भर घालावी लागतेच. शेतात एकदा शेणखत टाकून कोणी कायमचं मोकळं होत नाही, तसंच हे आहे.

पुदुच्चेरीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदराचे बांध झाले आणि उत्तरेची पुळण नाहीशी झाली. गांधी पुतळ्यासमोर उरले नुसते दगड. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्यानुसार २०१८ मध्ये पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी कृत्रिम खडक बसवला आणि बंदराच्या तोंडाशी उपसलेली वाळू किनाऱ्याला दिली. आता तिथे पोरं पुन्हा वाळूत खेळतात.

आपल्याकडे रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा किनारा वर्षानुवर्षं खचतो आहे. आशियाई विकास बँकेच्या मदतीने आखलेल्या किनारा-संरक्षण कार्यक्रमात कर्नाटकातल्या उल्लाळबरोबर मिऱ्याचंही नाव होतं. पण कोकणात लोकांच्या ओळखीचा उपाय एकच, धूपप्रतिबंधक बंधारा. भरतीच्या वेळी मी मिऱ्याच्या बंधाऱ्यावर उभा राहिलो आहे. लाट दगडांवर आपटते, वर उसळते आणि परत जाताना पायथ्याची वाळू उकरून नेते. बंधाऱ्यामुळे मागचं घर आणि माड वाचतात, हे खरंच आहे आणि ज्याच्या अंगणात समुद्र आला त्याला दुसरं काही सुचवायचा मला अधिकार नाही. पण पुढची पुळण जाते आणि बंधारा जिथे संपतो तिथली शेजाऱ्याची जमीन अधिक खाल्ली जाते. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला वाळू लागते, होड्या वर घ्यायला वाळू लागते. वेळासला अंडी घालायला येणारी कासवीण दगड चढून जाऊ शकत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जिथे घरं अगदी लाटेच्या तोंडाशी आहेत तिथे बंधारा बांधा. बाकी ठिकाणी आधी वाळूचा विचार करा. बंदरांच्या तोंडाशी उपसलेली वाळू स्वच्छ आणि जुळणारी असेल तर ती खोल समुद्रात फेकू नका, खचलेल्या किनाऱ्याला द्या. खाड्यांतला बेसुमार वाळूउपसा थांबवा. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. लाटा आणि वाळूच्या अभ्यासाचं ज्ञान आपल्या दारात आहे. या सुट्टीत कोकणात जाणार असाल तर एखाद्या बंधाऱ्याच्या टोकापर्यंत चालत जा, दोन्ही बाजूंचा किनारा नीट बघा आणि तिथल्या ग्रामपंचायतीला एवढंच विचारा: इथली वाळू कुणी मोजली आहे का?