कापडाचं विमान!

ऐक ना दोस्ता, एक कोडं आहे. विमान बाहेरून कशाचं असतं? पत्र्याचं? बरोबर! पण आपल्या देशात असंही एक विमान बनलं, ज्याला बाहेरून चक्क कापड होतं. हो हो, कापड!

त्याचं नाव पुष्पक. रामायणातलं नव्हे हं! हे पुष्पक बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात तयार झालं आणि 1958 साली पहिल्यांदा उडालं. आत जागा दोघांपुरतीच. तीही शेजारीशेजारी, खांद्याला खांदा लावून!

पोटात पोलादी नळ्यांचा सांगाडा. त्यावर कापड ताणून बसवायचं. मग ब्रशने त्यावर ‘डोप’ नावाचं उग्र वासाचं रसायन फासायचं. आता गंमत बघ! डोप वाळताना आकसतं आणि कापडालाही आवळून घेतं. सुरकुत्या गायब! टिचकी मारली तर डफासारखा आवाज! आणि फाटलं तर? ठिगळ लावायचं, वरून पुन्हा डोप!

एवढा खटाटोप कशासाठी? वजन वाचवण्यासाठी! रिकामं पुष्पक जेमतेम 400 किलो भरायचं. राहुरी-संगमनेरच्या गोठ्यातली धष्टपुष्ट मुऱ्हा म्हैससुद्धा त्याहून जड असते! म्हणून तर त्याला 90 अश्वशक्तीचं छोटंसं इंजिन पुरायचं.

आणि हे इंजिन सुरू कसं करायचं, ओळख बघू. हाताने! चाकांना अडण्या लावायच्या. पायलट आत बसणार, दुसरा माणूस समोर पंख्याचं पातं धरून उभा. तो ओरडणार, “कॉन्टॅक्ट!” आतून पायलटही ओरडणार, “कॉन्टॅक्ट!” आणि स्विच चालू करणार. मग पात्याला एक जोराचा हिसका, आणि झटकन मागे सरायचं! फट्... फट्... फटफटफटफट!

पण बॅटरीशिवाय ठिणगी आली कुठून? इंजिनात मॅग्नेटो नावाचं यंत्र असतं. सायकलच्या डायनॅमोचा भाऊच म्हण ना. ते फिरलं की वीज तयार!

हे विमान डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली घडलं. घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले! ते शिकायला थेट जर्मनीत, गॉटिंगेनला गेले. विमानाभोवती हवा कशी वाहते, याचा नामांकित अभ्यासक होता लुडविग प्रांट्ल. त्याच्या हाताखाली शिकून 1936 साली घाटगे डॉक्टर झाले.

पुष्पकच्या आधी त्यांनी एचटी-2 हे विमान घडवलं होतं. ते उडालं ऑगस्ट 1951 मध्ये, आणि उडवलं कॅप्टन जिमी मुन्शी यांनी. जरा विचार कर! जे विमान आजवर कधीच उडालेलं नाही, त्यात पहिल्यांदा कुणीतरी बसावंच लागतं. केवढी छाती लागत असेल!

एचटी-2 अंगाने धातूचं होतं. हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांनी उडण्याचे पहिले धडे यातच गिरवले. शिकणारा आणि शिकवणारा एकामागे एक बसायचे, आणि दोघांच्याही हातात आपापली दांडी! शिकणारा चुकला की शिकवणारा आपल्या दांडीने लगेच विमान सावरणार.

एचटी-2चं तिसरं चाक शेपटाखाली होतं. त्यामुळे जमिनीवर विमानाचं नाक आभाळाकडे, आणि पायलटला समोरचं दिसेना! मग तो काय करायचा? सापासारखा नागमोडी जायचा. थोडं डावीकडे वळून उजवीकडून बघ, थोडं उजवीकडे वळून डावीकडून बघ!

मला विचारशील तर माझं लाडकं पुष्पकच. ते देशभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये गेलं आणि साध्यासुध्या मुलामुलींना त्याने उडायला शिकवलं. वेग? ताशी 140 किलोमीटरच्या आतबाहेर. नगरहून पुणं पाऊण तासाच्या आसपास!

वाट दाखवणारा मोबाइल मात्र नाही हं. मांडीवर नकाशा पसरायचा आणि खाली बघायचं. तो नगरचा गोल भुईकोट किल्ला, भोवती खंदक. ती डोंगरावरची सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात. ते मुळा धरणाचं पाणी.

चल, आता तू पायलट! नगरहून मनमाडला जायचंय. खाली कशावर नजर ठेवशील? आठव, आठव... अगदी बरोबर, रेल्वेच्या रुळांवर!