लोणारची दुर्बीण मालवणच्या समुद्रावर

लोणार सरोवरावर पक्षी पाहणाऱ्या बुलढाण्याच्या मंडळींनी मालवणला डॉल्फिन आणि देवमासे पाहायला जाताना दुर्बीण जरूर न्यावी!

किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुधा पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन. खोल पाण्यातला ब्रायड्स देवमासा दिसणं मात्र नशिबाचा भाग. डोक्यावरच्या तीन लांबट कंगोऱ्यांवरून तो ओळखता येतो. २०१५ मध्ये तर सिंधुदुर्गच्या समुद्रात संशोधकांना चक्क निळा देवमासा दिसल्याची नोंद आहे. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, आपल्याच राज्याच्या दारात!

देवमासा फुफ्फुसांनी श्वास घेतो, त्यामुळे त्याला वर यावंच लागतं. तेव्हा उडणारा फवारा आधी शोधावा.

होडी मात्र त्याच्यामागे पळवू नये. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे.