अरुंद झडप किती अरुंद? ‘इको’च्या आकड्यांचा अर्थ

बीदर जिल्ह्यातील खटकचिंचोळीसारख्या गावातील एखादी तिशीतली स्त्री डोळ्यांसमोर आणावी. शेतातून परतताना तिला धाप लागते. अशक्तपणा म्हणून काही महिने शक्तिवर्धक औषधे घेतली जातात. अखेर बीदर किंवा कलबुर्गी गाठून ‘इको’ तपासणी होते आणि ‘मायट्रल झडप तीव्र अरुंद’ असा अहवाल हाती पडतो. आपल्याकडे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या हृदयरुग्णांच्या हातीही असाच अहवाल असतो. त्यातील आकड्यांवर पुढील उपचार ठरत असल्याने त्यांचा अर्थ ठाऊक असणे हिताचे आहे.

या तपासणीत कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी छातीतून हृदयापर्यंत सोडल्या जातात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून हलते चित्र उमटते. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये असे प्रतिध्वनी प्रथम नोंदवले. त्यासाठी त्यांनी धातूतील दोष शोधणारे यंत्र वापरले होते. एडलर यांना मुख्यतः मायट्रल झडपेचाच विकार शस्त्रक्रियेपूर्वी पारखायचा होता.

मात्र चित्रावरून अडथळ्याचा दाब कळत नाही. त्यासाठी डॉप्लर तंत्राने रक्ताचा वेग मोजतात. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार जोरात उडते, तसेच अरुंद झडपेतून रक्त वेगाने निसटते. वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणले की झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मिळतो. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर हा फरक ३६ मिलिमीटर पारा येतो आणि ४ मीटर असेल तर ६४. म्हणूनच तपासणाऱ्याच्या हाताला महत्त्व आहे. ध्वनिकिरण रक्तप्रवाहाच्या दिशेपासून ३० अंश कलला तर ४ मीटरचा वेग साडेतीनच्या आसपास दिसतो, दाबातील फरक ४८ वर येतो आणि तीव्र विकार मध्यम भासतो.

महाधमनीच्या झडपेबाबत ४ मीटर किंवा अधिक वेग, दाबातील सरासरी फरक ४० किंवा अधिक आणि १ चौरस सेंटिमीटर किंवा कमी क्षेत्रफळ ही तीव्रतेची लक्षणे मानतात. मायट्रल झडपेचे तोंड निरोगी अवस्थेत ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते दीड किंवा त्याहून कमी झाले की विकार तीव्र ठरतो.

हे आकडे नेहमीच एकमेकांशी जुळतात असे नाही. हृदयाचे स्नायू दुर्बल झाले असतील तर रक्त जोराने ढकललेच जात नाही. मग झडप अतिशय अरुंद असूनही दाबातील फरक कमी दिसतो. उलट, नाडी जलद असताना मायट्रल झडपेवरील दाबाचा फरक वाढतो. त्यामुळे एकाच आकड्यावर निर्धास्त होणे किंवा घाबरून जाणे दोन्ही चूक. वेग, दाब, क्षेत्रफळ, हृदयाची आकुंचनक्षमता, नाडीची गती आणि रुग्णाची लक्षणे यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. मेळ बसत नसेल तर तपासणी पुन्हा करणे योग्य.

मायट्रल झडप अरुंद होण्यामागे आपल्या देशात बहुतेकदा बालपणीचा संधिवाताचा ताप असतो. जंतुसंसर्गाने घसा दुखण्यापासून त्याची सुरुवात होते आणि झडपेवरील परिणाम अनेक वर्षांनी उघड होतो. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण बरेच वाढते. तोवर मूकपणे सोसलेली झडप तेव्हा जिवावर बेतू शकते. वेळीच निदान झाले आणि झडपेची रचना अनुकूल असली, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करता येते. म्हणून तरुण स्त्रीची धाप केवळ अशक्तपणा समजून सोडून देऊ नये; इको करून घ्यावी आणि अहवाल जपून ठेवावा. पुढच्या तपासणीत तुलना करायची ती याच आकड्यांशी.