द्राक्षावरचे शुल्क आणि खासदाराचा प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांना बांगलादेश ही जवळची बाजारपेठ; माल ट्रकने थेट सीमेपर्यंत जातो. म्हणून ढाक्याने फळांवरचे आयात शुल्क वाढवले की त्याची झळ बागेतल्या सौद्याला लागते. व्यापारी तेवढी रक्कम शेतकऱ्याच्या दरातूनच कापतो. मग बागायतदार निवेदने देतात, आमदार-खासदार सभागृहात उभे राहतात. पुढे काय होते?

विधानसभेच्या हाती थोडेच आहे. परदेशांशी व्यापार हा संघसूचीतला विषय, नोंद 41. राज्य आपल्या तिजोरीतून मदत देऊ शकते, एवढेच. बांगलादेशाच्या शुल्काने विदर्भातला संत्रा अडचणीत आला, तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये राज्याने निर्यातदारांना निम्म्या शुल्काइतके अनुदान जाहीर केले, ते याच वाटेने.

खासदाराला शून्य प्रहरात बोलता येते, लोकसभेच्या नियम 377 खाली विषय मांडता येतो. पण खरी पकड तारांकित प्रश्नाची. मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पुरवणी प्रश्न येतात. मंत्री ‘तपासून पाहतो’ म्हणाले, तरी ते आश्वासन धरले जाऊ शकते; ते साधारण तीन महिन्यांत पुरे व्हावे लागते आणि त्यावर सभागृहाची आश्वासन समिती लक्ष ठेवते. निवेदनाला अशी मुदत नसते.

तरीही संसद सरकारला ‘कारवाई करा’ असे बांधून घेत नाही. अमेरिकेत तसा कायदा आहे. 1974 च्या व्यापार कायद्यातले कलम 301 तिथल्या काँग्रेसने 1988 मध्ये आणखी कडक केले आणि अन्याय्य व्यापार करणाऱ्या देशांची नावे जाहीर करणे सरकारवर बंधनकारक केले. 1989 च्या यादीत जपान, ब्राझील यांच्याबरोबर भारतही होता. आपल्याकडे असे कलम नाही.

जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करण्याचा हक्क फक्त सरकारला, आणि इथे ती टिकणे अवघड. बांगलादेशाने बहुतेक शेतमालावर शुल्काची कमाल मर्यादाच 200 टक्के ठेवली आहे. वाढीव शुल्क जाचक असेल, पण नियमभंग ठरत नाही. उरते ती वाटाघाट.

वाटाघाटीत आपली बाजू लंगडी पडते ती कांद्यामुळे. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020, डिसेंबर 2023: तीनदा भारताने अचानक निर्यातबंदी केली. 2019 मध्ये बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच सांगितले की, आपण आचाऱ्याला कांदा न वापरण्याची सूचना दिली आहे. सौम्य शब्दांतली ती तक्रारच होती. शेवटची बंदी 4 मे 2024 रोजी उठली आणि 20 मे रोजी कांद्याच्या पट्ट्यातल्या नाशिक-दिंडोरीत लोकसभेचे मतदान झाले. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. मतदाराचा दाब दिल्लीला कळतो, हे तिथे दिसले. मात्र तो दाब आपल्याच सरकारच्या धोरणावर होता, ढाक्यावर नव्हता.

डिसेंबर 2022 मध्ये बांगलादेशाने भारताकडे कांदा, गहू, साखर अशा मालाचा ठरावीक वार्षिक कोटा मागितला होता. माझ्या मते नाशिकच्या खासदारांनी तिथेच बोट ठेवावे. ‘शुल्क कमी करायला सांगा’ एवढे म्हणून भागणार नाही. कांद्याचा हमी कोटा देऊन त्याबदल्यात द्राक्षांना सवलत मागणार का, त्यासाठी कराराची बोलणी कुठवर आली आहेत, हे तारांकित प्रश्नात विचारावे. बांगलादेशातल्या ऑगस्ट 2024 च्या सत्तांतरानंतर ढाक्याशी बोलणे कठीण झाले आहे, म्हणून तर हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात विचारायला हवा.